माळा केवढा हवा?

लिनक्स बसवताना डिस्कची वाटणी करायची वेळ आली की एक प्रश्न हमखास समोर येतो: स्वॅपसाठी किती जागा ठेवायची? ज्याला विचाराल तो एकच उत्तर देतो, "रॅमच्या दुप्पट." उत्तर पाढ्यासारखं पाठ झालेलं आहे. 32 एमबी रॅमच्या जमान्यात या हिशेबाने 64 एमबी जागा निघायची. आज 16 जीबीच्या लॅपटॉपवर 32 जीबी निघते आणि 256 जीबी रॅम असलेल्या सर्व्हरवर चक्क अर्धा टीबी. इथे पोचल्यावर सांगणाऱ्यालाही शंका येते आणि तो दुसरं टोक गाठतो, "मग स्वॅप ठेवूच नका." दुप्पट आणि शून्य ही दोन्ही उत्तरं एकाच चुकीतून आली आहेत. दोन्हींत स्वॅपचं माप रॅमवरून काढलं जातं. माझ्या मते हे माप डिस्कवरून काढायला हवं, तेही डिस्कच्या आकारावरून नव्हे, ती किती चटकन हवं ते पान काढून देते त्यावरून.

आधी स्वॅप करतो काय ते पाहू. आपल्या नेहमीच्या संगणकांवर लिनक्स रॅमचा हिशेब 4 केबीच्या तुकड्यांत ठेवतो. या तुकड्यांना पानं म्हणतात. पानं दोन जातींची असतात. काहींची मूळ प्रत डिस्कवर एखाद्या फाइलमध्ये असतेच, उदाहरणार्थ ब्राउझरचा प्रोग्रॅम किंवा उघडलेलं छायाचित्र. रॅम कमी पडली तर अशी पानं सरळ टाकून देता येतात आणि लागली की फाइलमधून पुन्हा वाचता येतात. दुसरी जात निनावी पानांची. प्रोग्रॅमने चालता चालता तयार केलेली आकडेमोड, याद्या, अर्धवट लिहिलेला मजकूर हे सगळं यात येतं. त्याला डिस्कवर घर नसतं, टाकलं तर गेलंच. स्वॅप म्हणजे या बेघर पानांसाठी डिस्कवर केलेली सोय. स्वयंपाकघरातला ओटा आणि वरचा माळा यांचं जे नातं, तेच रॅम आणि स्वॅपचं. पुरणयंत्र रोज लागत नाही, म्हणून ते माळ्यावर जातं आणि ओट्यावर रोजच्या कामाला जागा होते. माळा बांधल्याने ओटा मोठा होत नाही. तिथे स्वयंपाकही करता येत नाही.

माळ्याची शिडी मात्र फार लांब आहे. रॅममधून काही उचलायला शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरून उचलायला साधारण दहा मिलिसेकंद. म्हणजे एक लाखपट. ओट्यावरचा डबा उचलायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर माळ्यावरचा डबा खाली यायला सव्वा दिवसाच्या थोडं आतबाहेर लागेल. एसएसडीवर हेच अंतर हजारपटीच्या घरात येतं, म्हणजे सेकंदाऐवजी सतरा मिनिटं. पुढचा सगळा युक्तिवाद या आकड्यांवर उभा आहे.

मग दुप्पट आलं कुठून? निसर्गनियम तर तो नक्कीच नाही. रॅम आणि तिच्यामागची संथ साठवण मिळून एकच मोठी स्मृती भासावी ही कल्पना पहिल्यांदा मॅंचेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅटलस संगणकात उतरली. टॉम किलबर्न यांच्या गटाने तो बांधला आणि 1962 मध्ये तो सुरू झाला. त्याची मुख्य स्मृती 16 हजार शब्दांची होती आणि मागचे फिरते ड्रम 96 हजार शब्दांचे. प्रमाण सहापट! दुप्पट बऱ्याच नंतर, युनिक्सच्या घरात रुजलं. बर्कलीच्या जुन्या युनिक्समध्ये प्रोग्रॅमला एखादं निनावी पान दिलं की त्याच्यासाठी स्वॅपमध्ये जागा राखून ठेवावी लागे, ते पान तिकडे कधी गेलं नाही तरीही. त्यामुळे स्वॅप रॅमपेक्षा लहान ठेवला तर पैसे मोजून घेतलेली रॅमच पूर्ण वापरता येत नसे. रॅमइतका स्वॅप ही बरोबरी झाली, खरा फायदा त्याच्या पुढे सुरू होई. शिवाय यंत्र कोसळलं तर तपासासाठी रॅममधला सगळा ऐवज स्वॅपमध्येच ओतला जाई, तिथेही निदान रॅमएवढी जागा लागायची. लिनक्सवरही दुप्पटीला एकदा खरं तांत्रिक कारण होतं. जानेवारी 2001 मध्ये आलेल्या 2.4 कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सुरुवातीच्या आवृत्त्यांत स्वॅपमधून रॅममध्ये परत आलेलं पान आपली स्वॅपमधली जागाही अडवून बसे, म्हणून लहान स्वॅप बघता बघता भरून जायचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 2.4.10 आलं आणि स्मृतीचं व्यवस्थापन मुळातून बदललं. कारण संपलं, पाढा उरला.

ही कारणं संपली तरी दुप्पट हे प्रमाण म्हणून वाईट कशावरून, असं कोणी विचारेल. त्याला उत्तर द्यायला एक साधा हिशेब करू. हार्ड डिस्कचं डोकं इकडून तिकडे उड्या मारत सेकंदाला साधारण शंभर ठिकाणी पोचतं. दर उडीला एक पान, म्हणजे सेकंदाला 400 केबी. स्वॅप काठोकाठ भरलाय आणि त्यातली पानं वाकड्यातिकड्या क्रमाने परत हवी आहेत, अशी वाईटात वाईट वेळ कल्पू. 64 एमबीचा स्वॅप या गतीने रिकामा व्हायला पावणेतीन मिनिटांच्या आसपास लागतील. त्रास आहे, पण सोसण्यासारखा. तेवढ्यात चहा होतो. आता त्याच गतीच्या डिस्कवर 32 जीबीचा स्वॅप ठेवा. तो रिकामा व्हायला 23 तासांहून जास्त लागतात. कर्नल दर उडीत शेजारची आठ पानं एकदम उचलतो आणि ती आठही नेमकी उपयोगाची निघाली, अशी कमालीची उदार कल्पना केली तरी तीन तास. या पंचवीस-तीस वर्षांत रॅम शेकडो पटींनी वाढली, डिस्कचा आकार त्याहून जास्त वाढला, पण डिस्कचं डोकं जागचं उचलून दुसरीकडे नेण्याचा वेळ फार तर निम्मा झाला. बरणी गोदामाएवढी झाली आणि तोंड बोटभरच राहिलं. दुप्पटीचा नियम बरणीचं पोट मोजतो, तोंडाकडे पाहतच नाही.

आता हाच हिशेब उलटा करू. 64 एमबीच्या काळात जो पावणेतीन मिनिटांचा त्रास लोकांनी चालवून घेतला, तेवढाच आजही चालवून घ्यायचा म्हटलं तर स्वॅप केवढा हवा? साध्या एसएसडीवर एकामागून एक, सुट्या पानांची दहा हजार वाचनं सेकंदाला होतात असं धरू. म्हणजे सेकंदाला 40 एमबीच्या आसपास. पावणेतीन मिनिटांत सहा जीबीच्या थोडं वर. हिशेब ढोबळ आहे हे कबूल. चांगल्या एसएसडीला एकदम अनेक मागण्या दिल्या तर ती याच्या कितीतरी पट काम करते, आणि सगळीच पानं एकदम परत लागत नाहीत. पण गंमत अशी, की या हिशेबात रॅमचा आकडा कुठेच आला नाही. रॅम 16 जीबी असो की 64, उत्तर चार-सहा जीबीच्या आसपासच घुटमळतं. रेड हॅट कंपनी आपल्या लिनक्ससाठी स्वॅपचा जो तक्ता देत आली आहे, तोही पाहण्यासारखा आहे. 2 जीबीपर्यंतच्या रॅमला दुप्पट, 2 ते 8 जीबीला रॅमएवढा आणि त्यापुढे कितीही रॅम असली तरी "किमान 4 जीबी". पटींचा पाढा तिथेही 8 जीबीला येऊन थांबतो.

यावर एक आक्षेप फार व्यावहारिक आहे. डिस्क स्वस्त आहे, एक टीबीतले 32 जीबी गेले तर बिघडलं कुठे? मोठा स्वॅप भरलाच पाहिजे असं थोडंच आहे? शहाण्या दिवशी नाहीच बिघडत. स्वॅपच्या आकाराची परीक्षा होते ती वाईट दिवशी. एखादा प्रोग्रॅम बिघडतो आणि थांबता न थांबता रॅम खात सुटतो. रॅम संपली, मोडीत काढण्यासारखं काही उरलं नाही आणि स्वॅपही भरला, की लिनक्सचा ओओएम किलर जागा होतो आणि बहुधा सर्वांत खादाड प्रोग्रॅमला मारून बाकीच्यांना वाचवतो. स्वॅप दोन-चार जीबीचा असेल तर हा निकाल लवकर लागतो. 32 जीबीचा असेल तर तो भरेपर्यंत किलर हलत नाही, आणि तोवर माऊसचा बाण सुद्धा हलत नाही. प्रोग्रॅमला आत्ता जी पानं हवीत ती माळ्यावर, ती आणायची तर ओट्यावरची दुसरी वर टाकायची, आणि टाकली त्याच क्षणी तीही हवीशी होतात. इंग्रजीत याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी 1968 मध्येच त्याचं कारण उलगडून दाखवलं होतं. प्रत्येक प्रोग्रॅमला कुठल्याही घडीला लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. हे चालू संच मिळून रॅममध्ये मावले तर सगळं सुरळीत. मावले नाहीत तर काम हळूहळू मंदावत नाही, एकदम कोसळतं. चालू संच रॅममध्ये मावत नसेल तर कितीही मोठा स्वॅप ते दुखणं बरं करत नाही, फक्त लांबवतो. ज्या यंत्राला एका मिनिटात ओओएम किलरने सोडवलं असतं, ते तासभर गोठून बसतं आणि शेवटी कोणीतरी वीज बंद करतो.

मग स्वॅप नकोच, असं म्हणणाऱ्यांची बाजू यातूनच बळकट होते आणि ती बाजू हलकी नाही. कुबरनेटिस या हजारो सर्व्हर हाकणाऱ्या प्रणालीने कित्येक वर्षं हाच पवित्रा घेतला होता. यंत्रावर स्वॅप चालू दिसला तर तिचा कार्यकर्ता प्रोग्रॅम मुळात सुरूच व्हायला नकार द्यायचा. कारण असं, की प्रत्येक कामाला किती रॅम मिळणार याचं वचन द्यायचं असेल तर मध्ये माळा नसलेलाच बरा. पण 2021 मध्ये आलेल्या 1.22 आवृत्तीत प्रायोगिक स्वरूपात का होईना, स्वॅपला दार उघडावं लागलं. शिवाय स्वॅप काढल्याने थ्रॅशिंग थांबतं असंही नाही. हे पुष्कळ जाणकारांच्याही लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबून पाहू. स्वॅप नसेल तर निनावी पानं कर्नलला हलवता येत नाहीत, ती रॅममध्ये ठोकून बसतात. रॅम कमी पडली की कर्नलच्या हाती उरतात फक्त फाइलींची पानं. त्यांत चालू प्रोग्रॅमचा स्वतःचा मजकूरही येतो. कर्नल तो टाकतो, पुढच्याच क्षणी प्रोग्रॅमला त्यातली ओळ हवी असते, म्हणून डिस्कवरून पुन्हा वाचतो, पुन्हा टाकतो. स्वॅप शून्य आणि डिस्कचा दिवा अखंड लुकलुकतोय, हे दृश्य यातून येतं. इकडे सकाळी संगणक सुरू होताना एकदाच लागलेली आणि नंतर कोणी ढुंकूनही न पाहिलेली निनावी पानं रॅममध्ये निवांत लोळत पडलेली असतात. पुरणयंत्र ओट्यावरच ठेवायचं ठरवलं, की पोळपाट ठेवायला जागा राहत नाही. स्वॅपचं खरं काम ही थंड पानं वर टाकणं, आणि सगळ्या यंत्राच्या मानाने थंड पानं सहसा थोडीच असतात. म्हणून स्वॅप हवा आणि म्हणूनच तो लहान हवा.

एसएसडी झिजेल ही भीतीही नेहमी पुढे केली जाते. एक टीबीच्या साध्या एसएसडीला कंपन्या सुमारे 600 टीबी लेखनाची हमी देतात. रोज 20 जीबी स्वॅपमध्ये लिहिलं तरी वर्षाला साडेसात टीबीच्या आत होतं. त्यात थंड पान एकदा वर गेलं की गेलं, ते रोज लिहावं लागत नाही. रोज वीस-वीस जीबी स्वॅपमध्ये जात असतील तर चिंता एसएसडीची करू नका, रॅम विकत घ्या.

माळा बांधण्याआधी सामानच दाबून बसवता आलं तर? 2014 च्या 3.14 कर्नलपासून लिनक्सच्या मुख्य धारेत असलेली झेडरॅम ही सोय तेच करते. थंड पानं डिस्कवर न पाठवता दाबून, आक्रसून रॅमच्याच एका कोपऱ्यात ठेवते. पानांत पुनरुक्ती बरीच असते, त्यामुळे ती निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्शात सहज मावतात आणि परत उलगडायला डिस्कच्या मानाने नगण्य वेळ लागतो. अ‍ॅपलने मॅकवर 2013 मध्येच असा आक्रसण्याचा मार्ग धरला. फेडोरा लिनक्सने ऑक्टोबर 2020 च्या 33 व्या आवृत्तीपासून डिस्कवरचा स्वॅप आपणहून बनवणं सोडून झेडरॅम आणलं. अँड्रॉइड फोनांत तर ते सर्रास असतं. जाता जाता फोनच्या जाहिरातींविषयी. "8 जीबी + 8 जीबी = 16 जीबी रॅम" असा बेरजेचा आनंद हल्ली दुकानादुकानांत टांगलेला दिसतो. त्यातले दुसरे आठ म्हणजे साठवणीतला, हजारपट संथ माळा. ओटा अधिक माळा बरोबर दुप्पट ओटा, असं गणित घरातली कोणतीही सुगरण खपवून घेणार नाही.

एका गरजेला मात्र माझा डिस्कच्या गतीचा युक्तिवाद लागू पडत नाही, ती म्हणजे हायबरनेशन. लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा होता तिथून सुरू करायचा असेल तर रॅममधला ऐवज स्वॅपमध्ये लिहावा लागतो. तो सलग लिहिला आणि सलग वाचला जातो, डोक्याच्या उड्या लागत नाहीत, म्हणून इथे अडसर गतीचा नाही, जागेचा आहे. कर्नल आपणहून हे चित्र रॅमच्या पाच भागांपैकी दोन भागांत बसवू पाहतो, पण कामाच्या गर्दीत ते मोठं होऊ शकतं आणि मावलं नाही तर हायबरनेशन फसतं. म्हणून इथे रॅमएवढी जागा आणि वर नेहमीच्या स्वॅपपुरती थोडी, हाच सुरक्षित हिशेब. झेडरॅम इथे कामाचं नाही, कारण वीज गेली की तेही गेलं. ज्यांना झाकण लावून नुसतं झोपवणं पुरतं त्यांनी या जागेचा विचारही करू नये.

विंडोज वापरणाऱ्यांनी हा सगळा हिशेब जसाच्या तसा उचलू नये, कारण तिथली रीत वेगळी आहे. लिनक्स लग्नघरासारखा वागतो: पाचशे पत्रिका वाटतो आणि तीनशेच येतील या हिशेबाने पानं मांडतो. प्रोग्रॅम मागतात त्याहून बरीच कमी स्मृती प्रत्यक्षात वापरतात हा अनुभव त्यामागे असतो. विंडोज मात्र जेवढी पानं तेवढ्याच पत्रिका काढतो. रॅम आणि पेजफाइल (म्हणजे तिथला स्वॅप) यांची बेरीज ही त्याची वचनांची कमाल मर्यादा. पेजफाइल बंद केली तर रॅम रिकामी दिसत असतानाही प्रोग्रॅमला नकार मिळू शकतो. तिथे आकार ठरवण्याचं काम प्रणालीवर सोडणंच बरं.

मग लिनक्सवर आकडा ठरवायचा कसा? मोजून. पूर्वी ते सोपं नव्हतं, हीच पाढ्याच्या लोकप्रियतेमागची खरी गोम आहे असं मला वाटतं. स्वॅपसाठी सहसा डिस्कचा स्वतंत्र भाग कापला जाई, तोही लिनक्स बसवतानाच, आणि नंतर वाढवणं म्हणजे सगळी घडी विस्कटणं. आधीच, काही माहीत नसताना उत्तर द्यायचं असेल तर पाढाच सोयीचा. आता स्वॅप सर्रास साध्या फाइलमध्ये राहतो; उबुंटूने 2017 च्या 17.04 आवृत्तीपासून नव्या बसवणीत तीच रीत धरली. फाइल बनवायची, एमकेस्वॅप आणि स्वॅपऑन या दोन आज्ञा द्यायच्या, संगणक बंदही करावा लागत नाही. नको झाली तर स्वॅपऑफ. तेव्हा आधी थोडा स्वॅप द्या आणि आठवडाभर आपलं नेहमीचं काम करा. फ्री ही आज्ञा स्वॅप किती भरलाय ते सांगते, पण तेवढ्या आकड्याने घाबरू नका. भरलेला माळा म्हणजे अडचणीतलं घर नव्हे. पाहायची ती वर्दळ. व्हीएमस्टॅट या आज्ञेत एसआय आणि एसओ असे दोन रकाने दिसतात, सेकंदाला किती आत आलं आणि किती बाहेर गेलं ते. काम चालू असताना हे दोन्ही बहुतेक वेळ शून्य राहत असतील तर स्वॅप आपलं काम नेमकं करतोय. दोन्ही एकदम आणि सतत हलत असतील तर कमतरता रॅमची आहे. 2018 च्या अखेरीस आलेल्या 4.20 कर्नलपासून तर मेमरीसाठी प्रोग्रॅमना किती वेळ ताटकळावं लागलं याची टक्केवारीच प्रॉक-प्रेशर-मेमरी या फाइलमध्ये मिळते. प्रश्नाच्या मुळाशी जाणारा याहून नेमका आकडा दुसरा नाही.

मोजायचा कंटाळा असलेल्यांसाठी माझा कौल असा. एसएसडी असलेल्या 8 किंवा 16 जीबीच्या लॅपटॉपला 4 जीबी. हायबरनेशन हवं असेल तर रॅमएवढा आणि वर दोन-चार जीबी. एक-दोन जीबी रॅमच्या भाड्याच्या सर्व्हरला 2 जीबी, कारण तिथे एखादं अद्ययावतीकरण चालू असतानाच स्मृती अचानक कमी पडते. शाळेतल्या किंवा सायबर कॅफेतल्या फिरत्या डिस्कच्या जुन्या, 4 जीबीच्या यंत्राला आधी झेडरॅम, आणि त्याच्या मागे, कमी प्राधान्याने, डिस्कवर फार तर 2 जीबी. 64 जीबीच्या वर्कस्टेशनला पुन्हा 4 जीबीच. यातला कुठलाही आकडा चुकला तर तो बदलायला पाच मिनिटं लागतात.